एनडीपीएस खटल्यात बचाव पक्षाने खासगी तज्ज्ञ आणावा का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जिल्हा न्यायालयात वकिली करते, सनद अजून नवीच आहे. सीनियरनी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालची एक गांजाची केस माझ्याकडे सोपवली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

अशील टेम्पो ड्रायव्हर आहे. नाकाबंदीत टेम्पो अडवला, तर भाजीच्या क्रेटखाली गोणपाटाची दोन पोती निघाली. पंचनाम्यातलं वाक्य असं: "हिरवट तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या व बिया असलेला ओलसर गांजासदृश पदार्थ, पोत्यासह एकूण वजन २१ किलो ४०० ग्रॅम." जागेवरच प्रत्येक पोत्यातून २४ ग्रॅमचे दोन-दोन नमुने काढून लाखेचं सील केलंय. सीए, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट दोन ओळींचा आहे: नमुन्यात फुलोरा, पाने, बिया, काड्या आढळल्या, हा गांजा आहे.

२० किलोच्या वर गेल्यामुळे व्यापारी मात्रा, म्हणजे किमान १० वर्षं. व्यापारी मात्रेत जामिनावर कडक अटी घालणारं कलम ३७ आडवं येतं म्हणून जामीनही मिळालेला नाही. आता घरच्यांना कुणीतरी मुंबईच्या एका संस्थेचा नंबर दिलाय. ते "अमली पदार्थ तज्ज्ञ साक्षीदार" पुरवतात म्हणे. अहवालाचे ४५ हजार, कोर्टात यायचे प्रत्येक तारखेला २५ हजार, प्रवास वेगळा. बायको दागिने मोडायला निघाली आहे. मी तिला थांबवू की जाऊ देऊ? असा तज्ज्ञ खरंच उपयोगी पडतो का? कुणाला अनुभव आहे?

परीक्षानळी

वकीलताई, दागिने सध्या कपाटातच राहू द्या.

मी राज्याच्या एका प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. आयुष्याचा मोठा भाग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेला आणि उरलेला सत्र न्यायालयांच्या व्हरांड्यातल्या बाकड्यांवर. त्यामुळे सरकारी बाजूच्या तज्ज्ञाला पिंजऱ्यात कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही दुसऱ्या बाजूने विचारताय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या पंचनाम्यातले दोन शब्द: "पोत्यासह" आणि "ओलसर". गोणपाटाचं रिकामं पोतं अर्धा-पाऊण किलोचं भरतं, ओलं असेल तर जास्त. तुमच्याकडे अशी दोन पोती आहेत. आणि २० किलोची रेघ तुम्ही ओलांडलीय ती १ किलो ४०० ग्रॅमनी. हे सांगायला ४५ हजारांचा तज्ज्ञ कशाला हवा? आमच्या गल्लीतला भुसार दुकानदारही सांगेल. निव्वळ वजन कुठे लिहिलंय का ते शोधा. नसेल तर आतून प्लॅस्टिक होतं का, काटा कुणाचा होता, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का कुठल्या तारखेपर्यंत चालू होता, हे सगळं पंचाला आणि तपासी अंमलदाराला विचारायचं. सीए रिपोर्टाचा याच्याशी काही संबंध नाही. आमच्याकडे येतात ती २४ ग्रॅमची पाकिटं, पोती कधीच येत नाहीत.

आता खासगी तज्ज्ञाचं. त्याच्यापुढे दोन अडचणी आहेत, आणि त्या तो फोनवर सांगणार नाही.

पहिली म्हणजे माल. नमुना कोर्टाच्या ताब्यात असतो. तो तुम्हाला मिळत नाही, तुमच्या तज्ज्ञालाही नाही. फेरतपासणी हवी तर कोर्टाकडे अर्ज करायचा. थाना सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की फेरतपासणी ऊठसूट मिळणार नाही. रिपोर्ट मिळाल्यापासून १५ दिवसांत अर्ज हवा आणि त्यानंतर अगदी अपवादात्मक कारण लागेल. तुमच्या सीनियरनी फाइल दिली तोवर ते १५ दिवस बहुधा उलटून गेले असतील. मग हा तज्ज्ञ माल न बघता अहवाल कशावर लिहिणार? तुमच्याच कागदांवर.

दुसरी अडचण कलमाची. सरकारी रासायनिक विश्लेषकाचा रिपोर्ट जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम २९३ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ खाली, साक्ष न घेताही पुरावा म्हणून वाचता येतो. खासगी माणसाच्या अहवालाला ही सवलत नाही. त्याला पिंजऱ्यात उभं राहून तो शाबीत करावा लागतो. सरकारी वकिलाचा पहिला प्रश्न येतो, "नमुना पाहिला का?" दुसरा, "फी किती घेतली?" पुढचं तुम्ही जाणताच.

मग रिपोर्टात काहीच धरता येत नाही का? येतं. पण त्यासाठी आत काय चालतं ते माहीत हवं.

पार्सल आलं की आम्ही प्रथम सील बघतो. पोलिसांच्या पत्रासोबत सीलचा नमुना ठसा येतो, त्याच्याशी ताडून बघतो. मग वजन. इथे थांबा आणि तुमचा रिपोर्ट काढा. पोलिसांनी २४ ग्रॅम पाठवले आणि प्रयोगशाळेने ३१ ग्रॅम नोंदवले, असं घडतं. कधी पाकिटाचं वजन धरलेलं असतं, कधी दुसरंच काही. खुलासा त्यांनी करायचा, तुम्ही फक्त आकडा दाखवायचा.

नंतर चिमूटभर पदार्थ काचपट्टीवर. गांजाच्या पानावर वाघनखासारखे आखूड, वाकडे केस असतात, त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की तो खडा फसफसतो, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फुलोऱ्यावर राळेच्या ग्रंथी असतात, देठावर टाचणीचं डोकं असावं तशा. त्यानंतर रंगाची चाचणी: व्हॅनिलिन आणि ॲसिटाल्डिहाइडचं द्रावण, वरून तीव्र आम्ल. जांभळा रंग आला पाहिजे आणि क्लोरोफॉर्म घातल्यावर तो खालच्या थरात उतरला पाहिजे. नुसता जांभळा रंग बघून कुणी सही करू नये, इतरही काही वनस्पती तशी फसवाफसवी करतात. म्हणून पुढे टीएलसी, म्हणजे घटक वेगळे करून बघायची चाचणी, आणि सोय असेल तिथे जीसी-एमएस यंत्रावर खात्री.

हे सगळं टिपणवहीत असतं, आम्ही तिला वर्कशीट म्हणतो. तुमच्या हातात येतो तो दोन ओळींचा निष्कर्ष. वर्कशीट मागवायचा अर्ज करा. माझ्या अख्ख्या नोकरीत बचावाच्या वकिलांनी ते मागितल्याचे प्रसंग इतके कमी की सांगायला लाज वाटते. वकील यायचे ते थेट "तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटा रिपोर्ट दिलाय" असं सुचवायचे. आम्ही "नाही, हे खरे नाही" म्हणायचो, लेखनिक ते उतरवून घ्यायचा आणि आम्ही संध्याकाळची एसटी पकडायचो.

तुमच्या केसचा खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळांचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती धरायची नाहीत. तुमच्या रिपोर्टात फुलोरा, पानं, बिया, काड्या असं सगळं एकत्र लिहिलंय. फुलोरा किती, पान किती, काडी किती, हे वेगळं करून तोललं का? नसणार. कारण पोलिसांच्या पत्रात आम्हाला एकच प्रश्न विचारलेला असतो: हा गांजा आहे का? तेवढंच उत्तर आम्ही देतो. पिंजऱ्यात हे विचारलंत तर प्रामाणिक विश्लेषक "नाही, वेगळे वजन केले नाही" असं सांगेल. तेवढं एक वाक्य साक्षीत उतरवून घ्या आणि खाली बसा. पानं शेंड्यांसोबतच होती, म्हणून सगळंच वजन धरा, असा सरकारी युक्तिवाद येईलच. पण तो तुम्ही युक्तिवादाच्या वेळी झेलायचा, माझ्यासारख्याशी पिंजऱ्यात वाद घालून नव्हे.

"हा गांजाच आहे हे कशावरून?" असं मात्र चुकूनही विचारू नका. तुम्ही मला भाषण करायला मोकळं रान दिलंत असं होईल. मी वाघनखांपासून सुरू करेन आणि न्यायाधीश पेन खाली ठेवून ऐकत बसतील.

मुद्देमाल_कारकून

काकांशी सहमत. मी पोलीस खात्यातून निवृत्त, बरीच वर्षं मुद्देमाल सांभाळला. वकीलबाई, मुद्देमाल रजिस्टरचा उतारा मागवा. माल जप्त कधी झाला, खोलीत जमा कधी झाला, नमुना बाहेर कधी गेला, कुणाच्या हाती गेला, या नोंदी बघा. जप्ती सोमवारची आणि जमा गुरुवारची, असं सापडलं तर मधले दिवस माल कुठे होता याचं उत्तर कुणाकडेच नसतं. आणि तपासी अंमलदाराचं सील कुणाकडे होतं तेही विचारा. सील पंचाकडे सोपवल्याची पावती नसेल तर तेच सील पुन्हा कधीही मारता येतं, हे मी सांगायला नको.

पायरीवरचा_वकील

जागेवर नमुने काढले हा मुद्दा सोडू नका. कलम ५२अ खाली यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर व्हायला हवेत. मोहनलाल (२०१६) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं, सिमरनजीत सिंग (२०२३) मध्ये त्यावरच आरोपी सुटला. शिवाय २०२२ चे जप्ती-नमुना नियम आहेतच. पण हुरळून जाऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबळे खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलंय की ५२अ पाळलं नाही एवढ्यानेच खटला कोसळत नाही, बाकीचा पुरावा भक्कम आहे का ते बघायचं. तोही खटला गांजाचाच. दोन्ही बाजूंचे निकाल खिशात ठेवा, सरकारी वकील आंबळे काढणारच.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये सॉलिसिटरच्या कचेरीत काम करतो, मूळचा सांगलीचा. इकडे अशा तज्ज्ञांचा मोठा धंदा आहे, पण त्याचं कारण इथला कायदाच वेगळा आहे. १९७१ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५(३) खाली "दुसऱ्याला पुरवण्याच्या इराद्याने बाळगणे" हा वेगळा गुन्हा. अमुक ग्रॅमच्या वर म्हणजे विक्रेताच, अशी आखलेली रेघ नाही. मग भांडण इराद्यावर येतं. फोनमधले मेसेज, उधारीची यादी, छोटा काटा, पुड्या कशा बांधल्यात, एक व्यसनी माणूस आठवड्याला किती ओढतो, रस्त्यावरचा भाव काय: यावर दोन्हीकडचे तज्ज्ञ मत देतात. सरकारी बाजूला बहुतेक वेळा अमली पदार्थ पथकातला पोलीस असतो. फौजदारी कार्यपद्धतीच्या नियमांत भाग १९ आहे. त्यात तज्ज्ञाची बांधिलकी पैसे देणाऱ्याशी नाही, कोर्टाशी आहे असं लिहिलंय. न्यायाधीश दोघा तज्ज्ञांना आधी एकत्र बसवून कुठे पटतं, कुठे पटत नाही तेही लिहून मागू शकतात. भारतात असं काही होतं का?

परीक्षानळी

लेस्टरकर, आपल्याकडे २००१ च्या दुरुस्तीपासून सगळं वजनावर तोललं जातं. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन ५ आणि २५० ग्रॅम. एमडी म्हणजे मेफेड्रोन २ आणि ५० ग्रॅम. एमडीएमए तर अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. त्यातून २०२० च्या हीरा सिंग निकालानंतर मिश्रणातली भेसळही वजनात धरतात. २००८ च्या मायकेल राज निकालात शुद्ध अंमली द्रव्य तेवढंच मोजायचं असं होतं. तेव्हा शुद्धतेचा टक्का हा आमच्या रिपोर्टातला सगळ्यात स्फोटक आकडा असायचा. वकील एकेका दशांशासाठी भांडायचे. आता पावडरीत ग्लुकोज किती, याला शिक्षा मोजताना किंमत उरलेली नाही. त्यामुळे "हा माणूस स्वतःसाठीच बाळगत होता" असं सांगणारा तुमचा तज्ज्ञ इथे आला तर न्यायाधीश त्याचं शांतपणे ऐकून घेतील आणि मग वजन बघतील.

एकमेकांसमोर दोन तज्ज्ञ बसवण्याची तुमच्याकडची रीत मला आवडली. आमच्याकडे सरकारी तज्ज्ञ एकटाच असतो, आणि एकट्याचं बोलणं आपोआप खरं वाटायला लागतं. ते बरं नव्हे, हे मी नोकरीत असतानाही म्हणत असे. जय लाल खटल्यात १९९९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तज्ज्ञाने न्यायाधीशाला शास्त्रीय कसोट्या द्यायच्या, म्हणजे तो आपला निष्कर्ष आपण काढेल. दोन ओळींच्या रिपोर्टात कसोट्या कुठल्या सापडणार!

नगरचा_काका

विषयांतर होतंय, माफ करा. माझा पुतण्या पुण्यात हॉस्टेलवर शिकतो. त्याच्याकडे ६ ग्रॅम गांजा मिळाला. लघवीची तपासणी केली, पॉझिटिव्ह आली. तो म्हणतो त्या दिवशी ओढला नव्हता. त्याच्यासाठी तज्ज्ञ लागेल का?

डॉ_निशिगंध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीचं काम करते. काका, तो खरं बोलत असू शकतो. लघवीत जे सापडतं ते टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, शरीराने पचवून उरलेलं रूप. कधीमधी ओढणाऱ्यात ते काही दिवस सापडतं, रोज ओढणाऱ्यात काही आठवडेसुद्धा. त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे "मागे कधीतरी घेतला". त्या वेळी तो नशेत होता का, हे त्या चाचणीला सांगता येत नाही. पट्टीवरची प्राथमिक चाचणी होती की जीसी-एमएसने खात्री केलेली, हे मात्र जरूर बघा. पट्टी कधी कधी चुकीचीही पॉझिटिव्ह येते.

पण तज्ज्ञाच्या मागे लागण्याआधी वकिलांना कलम ६४अ विचारा. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि व्यसनी व्यक्तीने स्वतःहून उपचार घेतले, पूर्ण केले, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून संरक्षण मिळतं. फक्त उपचार सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या ठिकाणीच हवेत. माझ्याकडे पालक हमरस्त्यावरच्या कुठल्याशा केंद्राचा शिक्का मारलेला कागद घेऊन येतात. तिथे मुलाला नुसतं कोंडून ठेवलेलं असतं आणि त्या कागदाला कोर्टात काही अर्थ नसतो. आणि कृपा करून "व्यसनी आहे असं लिहून द्या" म्हणून माझ्यासारख्यांकडे येऊ नका. तपासून जे दिसेल तेच मी लिहिणार. एखाद्या मुलाला खरंच व्यसन नसेल, मित्रांबरोबर चार वेळा ओढलं असेल, तर मी "अवलंबित्व नाही" असं लिहीन आणि मग ६४अ ची वाट बंद होईल. हेही घरच्यांनी आधी समजून घ्यावं.

नगरचा_काका

आभारी आहे डॉक्टर. त्याच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगतो.

कृष्णाकाठ

परीक्षानळी काका, रिपोर्ट काढून पाहिला. पंचनाम्यात नमुने "प्रत्येकी २४ ग्रॅम". सीए रिपोर्टात एका पाकिटाचं वजन २४.३, दुसऱ्याचं १९.८. पहिल्या वाचनात मी हे बघितलंच नव्हतं. आणि "ओलसर" वर तुम्ही पुढे काही लिहिलं नाहीत.

त्या संस्थेला आज फोन केला. माल न बघता अहवाल कशावर देणार, विचारलं. म्हणाले, "मॅडम, आमचा फॉरमॅट तयार असतो."

परीक्षानळी

तयार फॉरमॅट! ठेवा तो फोन.

१९.८ चं उत्तर तुमच्या "ओलसर" मध्येच असू शकतं. ओला माल कागदी पाकिटात वाळतो, वजन उतरतं. विश्लेषक पिंजऱ्यात नेमकं हेच सांगेल आणि ते पटेलही. पण मग त्याला एवढंच विचारा: एकाच दिवशी, एकाच मालातून काढलेलं दुसरं पाकीट का वाळलं नाही? आणि माल इतका वाळत असेल तर नाक्यावर तोललेल्या २१ किलो ४०० मध्ये पाणी किती होतं? पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे नसेल. दुसऱ्याचं तो देणार नाही, "तपासी अंमलदाराला विचारा" म्हणेल. तेही साक्षीत येऊ द्या. सरकार पक्ष म्हणेल, जप्तीच्या दिवशीचं वजन ते वजन. म्हणोत. पण पोतं वजा, पाणी वजा, काड्या वजा, आणि वर निव्वळ वजन कुणीच घेतलेलं नाही, अशी बेरीज-वजाबाकी कलम ३७ च्या जामिनाच्या अर्जातही मांडता येते, खटला संपायची वाट न बघता. सीनियरना दाखवून मगच करा. मी रसायनवाला, कायद्याचं शेवटचं त्यांनी बघायचं.

पैसे खर्चायचेच असतील तर एखाद्या निवृत्त विश्लेषकाला गाठा, वर्कशीट त्याच्यापुढे ठेवा आणि दोन तास बसा. त्याला कोर्टात न्यायचं नाही, फक्त तुमची उलटतपासणी घासून घ्यायची. निकाल लागला तर इतके, नाही लागला तर तितके, अशी फी सांगणारा भेटला तर चहा पिऊन उठा.

मुद्देमाल_कारकून

एक राहिलं. पोती अजून शिल्लक आहेत की नाश झाला, हे आधी विचारा. असतील तर कोर्टासमोर रिकामी करून तोलायचा अर्ज टाका. लेबल आणि पंचांच्या सह्या त्याच पोत्यांवर आहेत ना ते बघूनच. नाश झाला असेल तर ५२अ ची यादी आणि फोटो मागवा. यादीत कधी कधी निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असतं, आणि ते पंचनाम्याशी जुळत नाही.

कृष्णाकाठ

उद्याच नक्कल विभागात अर्ज देते. वर्कशीटचा अर्ज पुढच्या तारखेला.